कोळसा काय धरतो, काय सोडतो

माठावर माठ रचून केलेली पाण्याची गाळणी तुमच्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. वर पाणी, मधल्या माठात वाळू आणि कोळसा, खाली थेंब थेंब उतरणारं नितळ पाणी. ही गाळणी आणखी चांगली कशी करता येईल? तेच कळावं म्हणून आज कोळशाची गोष्ट सांगते.

साल १७८५. रशियात सेंट पीटर्सबर्गला तोबियास लोवित्स नावाचा औषधं बनवणारा माणूस टार्टारिक आम्लावर काम करत होता. हे आम्ल आपल्या चिंचेत असतं. ते आटवताना तपकिरी पडायचं. कोळसा घातला की रंग जातो, हे लोवित्सने पाहिलं आणि मग त्याला नादच लागला. दारूचा उग्र वास, साठवलेल्या पाण्याची दुर्गंधी, सगळ्यांवर त्याने कोळसा लावून पाहिला.

पुढे १८११ मध्ये फ्रान्समधल्या फिगिएने दाखवलं की व्हिनेगर आणि वाइनचा रंग काढायला लाकडापेक्षा हाडांचा कोळसा सरस. लगेच साखर कारखानदारांनी तो उचलला. पांढऱ्याशुभ्र साखरेमागे बराच काळ हाडांचा कोळसा होता, हे किती जणींना माहीत आहे?

मग १९०० च्या सुमारास ओस्त्रेयको या रसायनतज्ज्ञाने खूप तापलेल्या कोळशावर वाफ सोडून त्याची बारीक छिद्रं मोकळी करण्याची रीत काढली. कोळशाची सगळी ताकद या छिद्रांत. वास आणि रंगाचे कण त्यांच्या भिंतींना चिकटतात. अशा चांगल्या कोळशाच्या एका ग्रॅमच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या, तर पाच ते दहा गुंठे जागा लागेल! पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून वाचवणाऱ्या मुखवट्यांत हाच कोळसा भरला. त्यासाठी १९१८ मध्ये अमेरिकेत बायकापोरांनी घरोघरी पीच फळांच्या कोया आणि अक्रोडाची टरफलं गोळा केली. सगळ्यात उत्तम ठरली ती आपली नारळाची करवंटी.

आता जरा मागे जाऊ, कारण खरी मेख तिथे आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घरोघरी कोळशाच्या गाळण्या होत्या. पाणी काचेसारखं दिसे, वास नसे, लोक निर्धास्त. शतकाच्या शेवटी जंतू तपासता येऊ लागले, तेव्हा शास्त्रज्ञांनी या गाळण्या तपासल्या. जंतू सरळ पार होत होते. जुन्या झालेल्या कोळशात तर ते वाढत होते, म्हणजे गाळलेलं पाणी न गाळलेल्यापेक्षा वाईट!

घरच्या चुलीवर आपल्याला ओस्त्रेयकोची वाफेची भट्टी जमणार नाही. पण लाकडाचा किंवा करवंटीचा, पूर्ण जळून काळा झालेला कोळसा घ्या; दगडी कोळसा नको. ज्वारीच्या दाण्याएवढा कुटा, भुगा चाळून टाका, पाणी काळं यायचं थांबेपर्यंत धुवा. वाळू कोळशाच्या वर असू द्या, म्हणजे गाळ तिथेच अडेल आणि कोळशाची छिद्रं बुजणार नाहीत. थर चांगला वीतभर हवा, आणि पाणी सावकाश उतरायला हवं. धार लागली तर कोळशाला काही धरायला वेळच मिळत नाही. भोक लहान करा.

खारेपणा, फ्लोराइड, नायट्रेट हे लाकडी कोळशाने जात नाहीत; त्यासाठी पाणी तपासूनच घ्यावं लागतं. आणि गाळलेलं पाणी उकळायचं किंवा त्यात आशाताई देतात ते क्लोरीनचे थेंब घालून अर्धा तास थांबायचं. थेंब गाळल्यानंतरच घाला बरं का, कोळसा क्लोरीनही खाऊन टाकतो.

वास किंवा रंग परत येऊ लागला की कोळसा थकला. पण जंतू वास येईपर्यंत थांबत नाहीत, म्हणून तो त्याआधीच, ठरवलेल्या दिवशी बदला. काढलेला कोळसा परसबागेच्या मातीत जाऊ द्या, आणि वाळूही त्याच दिवशी धुऊन कडक उन्हात वाळवा.