कानाचे वैद्यक आणि मराठवाड्याच्या भाषा

मराठवाड्यातील शिक्षणाचा इतिहास सांगताना आपण शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठ एवढ्यावरच थांबतो. वैद्यकाच्या शिक्षणाकडे, त्यातही कान-नाक-घसा या शाखेकडे, साहित्याचा अभ्यासक सहसा वळत नाही. वस्तुतः ऐकणे आणि बोलणे हाच जिचा विषय, ती शाखा आपल्याला परकी वाटू नये. शिवाय नांदेड-लातूरकडे हे वैद्यक भाषा बदलत बदलत आले आहे.

१९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता. नांदेडच्या किंवा तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातील लातूरच्या मुलाला राज्यातच राहून डॉक्टर व्हायचे, तर वाट हैदराबादची. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाची शिक्षणभाषा उर्दू होती, वैद्यकाचीसुद्धा. पाठ्यपुस्तकांसाठी तेथे दारुल तर्जुमा हा स्वतंत्र भाषांतर विभाग होता. 'कान' आणि 'नाक' हे शब्द उर्दूत आणि मराठीत एकच, ही त्यातली गंमत! दुरावा सुरू होई तो अरबी-फारसी परिभाषेपासून.

विलीनीकरणानंतर उर्दूच्या जागी इंग्रजी आली. औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) १९५६ मध्ये, अंबाजोगाईला १९७४ मध्ये, नांदेडला १९८८ मध्ये आणि लातूरला २००२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली. शिक्षण घराजवळ आले. त्याची भाषा मात्र घरची झाली नाही.

एम.बी.बी.एस.नंतर तीन वर्षे या शाखेचा विद्यार्थी काय शिकतो? कपाळावरच्या आरशाने प्रकाश कानात नेमका पाडणे, नादकाट्याने बहिरेपणाचा प्रकार ओळखणे, सूक्ष्मदर्शकाखाली कानाचा पडदा जोडणे. हे सारे हातांचे आणि डोळ्यांचे शिक्षण झाले. पण बाह्यरुग्ण विभागात त्याच्यासमोर प्रथम येतात ते शब्द: घोळणा फुटला, पडजीभ लोंबली, कान फुटला.

यातला 'कान फुटला' हा शब्दप्रयोग आम्हांला विशेष महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या पोटात दोन निरनिराळे आजार आहेत. एकात पडद्याला छिद्र असते आणि पाणी भरपूर वाहते. हा त्रासदायक, पण बहुधा कमी धोक्याचा. दुसऱ्यात स्राव थोडाच असतो, मात्र त्याला घाण वास येतो. तेथे पडद्यामागे त्वचेच्या पापुद्र्यांची गाठ साचून हाड पोखरले जात असण्याची शक्यता असते. वेळीच शस्त्रक्रिया झाली नाही तर तोंड वाकडे होते, क्वचित विकार मेंदूपर्यंत पोचतो.

लोकभाषेची मोजपट्टी इथे नेमकी उलटी पडते. जास्त वाहिला तर आजार मोठा, कमी झाला तर गुण आला, असा साधा हिशेब. त्यामुळे "आता फारसं वाहत नाही, नुसता वास येतो," असे माणूस समाधानाने सांगतो. खेड्यात कोमट तेलाचे थेंब टाकून अशी कैक वर्षे काढली जातात. ते वाक्य ऐकून डॉक्टर सावध झाला पाहिजे. आमच्या मते हे कौशल्य निव्वळ वैद्यकीय नाही, ते अर्थविचाराचे आहे. 'बरा' या शब्दाने रुग्णाला काय म्हणायचे आहे, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि विचारायचे तर त्याच्याच बोलीत विचारावे लागते, वास कधीपासून येतो, चक्कर येते का, जेवताना घास एका गालात अडकतो का.