धूम्रपानमुक्ती

बिडी, सिगारेट, चिलीम, हुक्का इ. मार्गांनी तंबाखूचा धूर घेण्याची सवय सोडणे व पुढे धुराविना राहणे. व्यवहारात ‘सोडली’ हा शब्द शेवटचे थोटूक विझवले त्या दिवसाला उद्देशून वापरतात. वैद्यकीय अभ्यासात मात्र सर्वसाधारणपणे ६ महिने सलग न ओढणे ही कसोटी धरतात. त्या अवधीत एकूण ५ सिगारेटींपर्यंतची चूक पोटात घालतात, पण सांगणाऱ्याच्या शब्दावर न विसंबता उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजतात. हा वायू साधारण दिवसभरात शरीराबाहेर जातो. त्यामुळे ही तपासणी कालचे सांगते, परवाचे नाही. त्याहून मागचे पाहायचे तर लाळेतील किंवा लघवीतील कोटिनीन (निकोटीनपासून शरीरात तयार होणारे द्रव्य) तपासावे लागते. शब्दाच्या या दोन अर्थांमधील अंतरातच विषयाचा गाभा आहे. सोडण्याचा दिवस एक असतो, मुदत काही महिन्यांची. आणि उपलब्ध पुरावा पाहता यशापयश बहुतांशी त्या मुदतीत ठरते.

लाभ : याबाबतची एक अतिशय दीर्घ नोंद ब्रिटनमधील डॉक्टरांची आहे. रिचर्ड डॉल व ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या सवयी टिपून घेतल्या आणि पुढे ५० वर्षे त्यांच्या मृत्यूंचा माग ठेवण्यात आला. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सिगारेट कधीच न सोडणाऱ्यांचे आयुष्य सरासरी १० वर्षांनी कमी भरले. वयाच्या ६०, ५०, ४० व ३० व्या वर्षी सोडणाऱ्यांना अनुक्रमे सुमारे ३, ६, ९ व १० वर्षे परत मिळाली. ‘आता या वयात सोडून काय होणार?’ या प्रश्नाला साठीच्या माणसापुरतेही हे उत्तर पुरेसे आहे. ‘सुटत नाही, म्हणून कमी केली’ ही तडजोड मात्र आकड्यांपुढे टिकत नाही. अनेक अभ्यास एकत्र करून २०१८ मध्ये केलेल्या विश्लेषणात दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यांचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्यांच्या विसावा हिस्सा नव्हे, तर जवळजवळ निम्मा भरला. बिडी सौम्य असते या समजुतीलाही आधार नाही. मुंबईतील मोठ्या लोकसमूहाच्या पाहणीत (२००५) बिडी ओढणाऱ्या पुरुषांचा मृत्यूचा सापेक्ष धोका १.६४, तर सिगारेट ओढणाऱ्यांचा १.३७ आढळला. तेंदूच्या पानाची बिडी वरचेवर विझते. ती पेटती ठेवण्यासाठी झुरके भरभर व ओढून घ्यावे लागतात [⟶ बिडी उद्योग].

तलफ : झुरक्यातील निकोटीन १०–२० सेकंदांत मेंदूत पोहोचते आणि रक्तातील त्याचे प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. रात्रभराच्या झोपेनंतर ते तळाला गेलेले असते. म्हणूनच अवलंबन मोजण्याच्या फागरस्ट्रॉम कसोटीत ‘उठल्यावर किती वेळात पहिली पेटवता?’ हा प्रश्न महत्त्वाचा असून ‘५ मिनिटांच्या आत’ या उत्तराला सर्वाधिक गुण आहेत. सोडल्यानंतरची चिडचिड, बेचैनी, झोपमोड व वखवख पहिल्या दोन-तीन दिवसांत शिगेला पोहोचते आणि २ ते ४ आठवड्यांत बरीच ओसरते. वजन वर्षभरात सरासरी ४–५ किलोने वाढते. शरीराची मागणी अशी महिन्याभरात निवळली, तरी सवयीच्या खुणा जागच्या जागी राहतात. टपरीवर कटिंग हातात आली, शेजारी खांबाला दोरीने बांधलेला लायटर लोंबकळत असला, की पुढची कृती हाताला पाठ असते. कोणत्याही मदतीविना सोडू पाहणाऱ्यांपैकी ६ ते १२ महिने टिकणारे शंभरात ३ ते ५ असतात आणि बहुतेक जण पहिल्या आठ दिवसांतच परततात. भारतात २०१६–१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के सोडण्याच्या बेतात किंवा विचारात होते व ३८.५ टक्क्यांनी आधीच्या वर्षभरात प्रयत्नही केला होता. तेव्हा ‘मनावर घेत नाही’ हे घरोघरी ऐकू येणारे निदान अपुरे आहे. मनावर घेणारे पुष्कळ आहेत, तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांच्या सोबतीला कोणी नसते.

उपाय : या सोबतीचे मोल १९७९ मध्ये मायकेल रसेल व सहकाऱ्यांनी लंडनमधील दवाखान्यांत मोजले. ज्यांना काहीच सांगितले नाही त्यांपैकी वर्षाअखेर ०.३ टक्के सुटलेले राहिले; डॉक्टरांनी मिनिट-दोन मिनिटे सल्ला दिला त्यांपैकी ३.३ टक्के, आणि सल्ल्याबरोबर पत्रक देऊन ‘पुन्हा विचारणार आहोत’ असे बजावले त्यांपैकी ५.१ टक्के. आकडे लहान आहेत, पण खर्च जवळजवळ शून्य आहे. सोडण्याची रीत कोणती, याबद्दल २०१६ च्या एका ब्रिटिश चाचणीचा कौल स्पष्ट आहे : ठरलेल्या दिवशी एकदम बंद करणाऱ्यांपैकी ६ महिन्यांनी २२ टक्के टिकले, दोन आठवड्यांत हळूहळू कमी करत नेणाऱ्यांपैकी १५.५ टक्के. औषधांत निकोटीनचा गम, गोळी व पट्टी, तसेच ब्युप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन यांचा वापर होतो. शेवटची दोन डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावयाची असतात. निकोटीन पर्यायांनी यशाची शक्यता सुमारे दीडपट होते. गम च्युइंगगमसारखा चघळत राहिल्यास वाया जातो. जिभेला चुरचुरेपर्यंत तो सावकाश चावून, तंबाखूचा बार धरतात तसा, गाल व हिरडी यांच्यामध्ये ठेवायचा असतो. निकोटीन तिथल्या त्वचेतून शोषले जाते, गिळलेले फारसे उपयोगी पडत नाही. आधी १५ मिनिटे पाण्याखेरीज काही घ्यायचे नसते. म्हणजे चहाबरोबरच्या सिगारेटीची जागा चहाबरोबरचा गम घेऊ शकत नाही. चहाची वेळच हलवावी लागते. ई-सिगारेटच्या उपयोगाविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. भारतात २०१९ पासून तिच्या उत्पादनावर व विक्रीवर बंदी आहे.

आक्षेप : ‘एक व्यसन सोडवून दुसरे लावता’ असे गमविषयी म्हटले जाते. परंतु कर्करोग व हृदयविकार यांचा मुख्य भार धुरातील डांबर, कार्बन मोनॉक्साइड व इतर द्रव्यांवर आहे. गममधील निकोटीन संथपणे चढते व मात्रा उतरवत नेता येते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : आजवर सुटलेल्यांपैकी बहुतेक जण स्वबळावरच सुटले, मग दवाखाने हवेत कशाला? यात हिशेबाची गफलत आहे. एकट्याने प्रयत्न करणारेच संख्येने अफाट असल्याने शंभरातले तीन-चार सुटले, तरी त्यांची बेरीज मोठी दिसते. उरलेले शहाण्णव कोणी मोजत नाही. तिसरा आक्षेप प्रस्तुत नोंदीच्या मुख्य प्रतिपादनावरच येतो. सुटलेल्यांना पुन्हा घसरू न देण्यासाठी मोहाचे प्रसंग ओळखण्याचे खास शिक्षण दिले, तर चाचण्यांत त्याचा ठोस फायदा दिसलेला नाही. हे मान्य केले पाहिजे. परंतु त्यातून टिकवणे गौण ठरत नाही. नुसते शिकवणे पुरत नाही, इतकेच ठरते. मोह ओळखता आला, तरी टपरी आपल्या जागी असते. म्हणून औषध पुरेसे आठवडे चालू ठेवणे, ठरवून फोन करणे आणि मोहाची जागाच दूर करणे या गोष्टींचे वजन उपदेशाहून अधिक धरावे.

स्त्रिया : वर उल्लेखिलेल्या २०१६–१७ च्या सर्वेक्षणात भारतातील धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २ टक्के होते.

महाराष्ट्र व गोवा : गोव्याने धूम्रपान व थुंकण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९९७ मध्येच केला. सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाविरुद्ध मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये आदेश दिला. देशव्यापी नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू झाले. महाराष्ट्रात २०१६–१७ मध्ये धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू घेणारे २४.४ टक्के होते. येथे बिडी टाकून तंबाखू-चुन्याकडे किंवा मशेरीकडे वळलेला माणूस व्याख्येने धूम्रपानमुक्त ठरतो, व्यसनमुक्त नव्हे. खाण्याची तंबाखू व मुख-घशाचा कर्करोग यांचा संबंध मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी १९५५ मध्येच मांडला होता. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय दूरध्वनी सेवा २०१६ पासून चालते. समुपदेशक पुढेही स्वतःहून फोन करून विचारपूस करतात. सप्टेंबर २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या प्रत्येक वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले. सुटी बिडी-सिगारेट विकण्यास महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. टपरीवर एकच सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती वेष्टन येत नाही, आणि त्यावरचा क्रमांकही.