देव्हाऱ्यातलं नाणं

आमच्या देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी एक तांब्याचं नाणं असायचं. गाव निफाड तालुक्यातलं, गोदावरीपासून दोनेक कोसांवर. विहीर खोदताना आजोबांना ते सापडलेलं. नाणं कसलं, हिरवट-काळं ढेकूळच ते. पण एका बाजूवरून बोट फिरवलं की उंचसखल काहीतरी लागायचं. आजी टाक दर दसऱ्याला चिंच लावून लख्ख घासायची, नाण्याला मात्र नुसतं हळदकुंकू. "जमिनीनं दिलंय तसंच ऱ्हाऊ दे," म्हणायची.

1994 साली मी अकरावी सायन्सला गेलो. विद्युत अपघटन नुकतंच शिकवून झालेलं आणि अंगात नवी अक्कल संचारलेली. दिवाळीच्या सुट्टीत आजी कीर्तनाला गेल्याचं पाहून मी नाणं उचललं. प्लास्टिकच्या मगात पाणी, त्यात दोन चमचे धुण्याचा सोडा. ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी. ऋण टोकाच्या वायरीला नाणं बांधलं, धन टोकाला स्टीलचा चमचा. वायर लावताच नाण्याभोवती बुडबुडे फसफसून वर आले. तो हायड्रोजन, हे मला पाठ होतं. पाणी गढूळलं, हिरवा चिखल तळाशी बसू लागला. दोन तासांनी नाणं काढून दातांच्या ब्रशनं खसाखसा घासलं.

हातात राहिली एक गुलाबीसर, खड्डे पडलेली तांब्याची चकती. दोन्ही बाजू कोऱ्या.

आजी आली, देव्हाऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "आरं, मळ काढायला गेला आन् तोंडच पुसून आला की," एवढंच म्हणाली. मार बसला असता तर बरं वाटलं असतं.

आपण नेमकं काय पुसलं, हे कळायला पुढं बरीच वर्षं जावी लागली. नोकरीनिमित्त नाशकात राहायला आल्यावर एका रविवारी अंजनेरीला गेलो. तिथं डोंगराच्या पायथ्याकडे नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, डॉ. परमेश्वरीलाल गुप्तांच्या पुढाकारानं उभी राहिलेली. तिच्या संग्रहालयात हिंडून आल्यावर मी नाण्यांवरचं मिळेल ते वाचू लागलो आणि जोगलटेंभी या नावापाशी थांबलो. सिन्नर तालुक्यातलं हे गोदाकाठचं गाव आमच्या पाहुण्यारावळ्यांतलं. लहानपणी तिथं जेवलोय. पण तिथल्या मातीनं काय दिलं होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

1906 साली जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. थोडाथोडका नव्हे, 13 हजारांहून जास्त नाणी! सगळी क्षहरात राजा नहपान याची. एका बाजूला राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. पण त्यातल्या 9 हजारांहून अधिक नाण्यांवर आणखी एक ठसा होता. गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केला आणि त्याची नाणी वितळवत न बसता त्यांच्यावरच आपलं नाव आणि चिन्हं ठोकली. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, दुसरीकडे उज्जैनचं म्हणून ओळखलं जाणारं चिन्ह. खालचा नहपान मात्र पुरता झाकला गेला नाही. कुठं नाक डोकावतं, कुठं एखादं अक्षर.

पांडवलेणीत दोघांचेही लेख आहेत. दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात सांगतो की त्यानं 3 हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले, 2 हजार महिना शेकडा एक दरानं आणि 1 हजार पाऊण टक्क्यानं. त्या व्याजातून भिक्षूंचा खर्च चालायचा. तिसऱ्या लेण्यातल्या लेखात गौतमी बलश्री आपल्या मुलाचं, म्हणजे गौतमीपुत्राचं, वर्णन क्षहरातांचा वंश निखंदून काढणारा असं करते. लेण्यातला लेख झाला तरी आईनं केलेलं कौतुकच ते. पण जोगलटेंभीच्या नाण्यांनी तिच्या बाजूनं साक्ष दिली. बघा, पराभूत राजाच्या चेहऱ्यावर जेत्याचा ठसा!

रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी ही नाणी एकेक तपासली आणि 1908 साली त्यांवर लिहिलं. नहपानाचं नाव असलेल्या मुखवट्यांत फरक आहे, नाक, हनुवटी, वय सारखं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. एवढं बारीक बघता आलं ते नाण्यांची तोंडं शाबूत होती म्हणून.

माझी चूक कुठं झाली तेही तेव्हा उमगलं. तांब्यावरची हिरवी खपली म्हणजे बाहेरून चिकटलेली घाण नव्हे. ते नाण्याचंच तांबं, जमिनीतल्या ओलीशी, क्षारांशी, हवेशी मिळून दुसरं झालेलं. उठावाची अक्षरं पुष्कळदा त्या खपलीतच शिल्लक असतात, आतला गाभा झिजून गेलेला असतो. वीज सोडली की बुडबुडे खपली सैल करतात, आणि ब्रश उरलेलं काम करतो. प्रयोगशाळेत ही रीत वापरतात, पण आधी वस्तू तपासून, धातू ओळखून, वीज अगदी मोजून. मगात सोड्याऐवजी मीठ टाकलं तर क्लोरीनचा विषारी वायू निघतो, आणि स्टीलच्या चमच्यातून क्रोमियमचं विष पाण्यात उतरू शकतं. मी ते पाणी गोठ्यामागं ओतलं होतं.

आमच्याकडे अजूनही नांगराला, जेसीबीला काहीबाही लागतं. मग कुणी चिंच घेतं, कुणी लिंबू, कुणी बॅटरी. कायदा 1878 पासून आहे: जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त मोलाचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. लोक घाबरून लपवतात, किंवा चमकवून मोडीत घालतात. मी भेटेल त्याला सांगतो, बाबांनो, घासू नका. माती सुटत नसेल तर राहू द्या, कागदात गुंडाळा, कुठं आणि किती खोल सापडलं ते लिहून ठेवा, आणि जाणत्याला दाखवा.

आमचं नाणं कुणाचं होतं? सातवाहनांचं, की एखादी साधी शिवराई? ते आता कुणालाच सांगता येणार नाही. आजीनं ती कोरी चकती त्याच दिवशी धुऊन पुन्हा खंडोबाशेजारी ठेवली. आजी जाऊन आता खूप वर्षं झाली. चकती अजून तिथंच आहे, आणि हळदकुंकू मी वाहतो.