जुनी डिझेल गाडी घरी कशी सांभाळायची? २० वर्षांच्या इंडिकाचा अनुभव

आमच्या अंगणात २००५ सालची डिझेल इंडिका व्ही-टू उभी आहे. नंबर एमएच-३६, म्हणजे भंडारा. गाव दिघोरी, तालुका लाखांदूर (नागपूर शहरातली दिघोरी वेगळी, दरवेळी सांगावं लागतं). बाबांनी ही गाडी घेतली तेव्हा मी शाळेत होतो. रात्री-बेरात्री गावातला पेशंट न्यायचा असो की नवरी आणायची असो, आधी आमच्याच दाराची कडी वाजायची.

मागच्या वर्षी गाडीला २० वर्षं झाली. नोंदणीची मुदत संपत आली होती आणि नेमकी त्याच वेळी गाडी सुरू होईना. रोवणीपासून ती जवळपास उभीच होती. एका मेकॅनिकनं नुसतं ऐकूनच सांगितलं, पंप गेला, खोलावा लागेल. त्यानं सांगितलेला खर्च आणि भंगारवाल्यानं लावलेली किंमत यांत फारसा फरक नव्हता. घरात दोन तट पडले. बाबा काहीच बोलत नव्हते, पण सकाळी उठून गाडी पुसणं त्यांनी थांबवलं नव्हतं.

शेवटी गाडी वाचली. त्यातून जे शिकलो ते इथे लिहितो. तुमच्याकडे जुनी सुमो, बोलेरो किंवा अशीच कमांडर असली तरी यातलं बरंचसं लागू पडेल.

हे इंजिन घरी समजून घेता येतं ते का?

१९९८ च्या अखेरीस आलेली टाटा इंडिका पिंपरी-चिंचवडला बनायची. तिच्या जुन्या डिझेल इंजिनाची क्षमता १४०५ सीसी, ताकद साधारण ५३ अश्वशक्ती, आणि टर्बो नाही. नव्या डिझेल गाड्यांत इंधन कधी आणि किती सोडायचं हे कॉम्प्युटर ठरवतो. इथे ते काम पंपाच्या आतल्या स्प्रिंगा, वजनं आणि चकत्या करतात. स्कॅनर लावायला जागाच नाही, त्यामुळे कान, डोळे आणि ३००-४०० रुपयांचा मल्टिमीटर एवढ्यावर निम्मी कामं होतात.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापून लाल होण्याच्या बेताला येते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. म्हणजे सुरू व्हायला तीन गोष्टी हव्यात: दाब, उष्णता आणि वेळेवर आलेलं स्वच्छ डिझेल. सेल्फ मारल्यावर इंजिन जोरात फिरतंय पण पेट घेत नाही, तर यातलं काय कमी पडतंय तेवढंच शोधायचं.

सेल्फ लागतो, पण गाडी सुरू होत नाही

इथे मी मोठी चूक केली. मेकॅनिकचं ऐकून मीही पंपावरच अडकलो. नेटवर दोन दिवस पंपाचे व्हिडिओ पाहिले, पाने काढून ठेवले. बाबा खाटेवरून म्हणाले, "पंपाले हात नोको लावू बापू. पयले वायर पाय."

या पंपावर एक छोटा सोलेनॉइड असतो. चाबी फिरवली की त्याला बॅटरीचे १२ व्होल्ट मिळतात, आतला खिळा उचलला जातो आणि डिझेलचा रस्ता मोकळा होतो. चाबी बंद केली की रस्ता बंद, इंजिन बंद. ही एक वायर तुटली तर जगातला सगळ्यात चांगला पंपही डिझेल देणार नाही. तपासणी सोपी आहे. चाबी ऑन ठेवा, सोलेनॉइडची वायर काढून पुन्हा टेकवा. "टक" असा आवाज आला पाहिजे. नाही आला तर मल्टिमीटरनं वायरला व्होल्टेज आहे का बघा. व्होल्टेज आहे पण आवाज नाही, तर सोलेनॉइड खराब. व्होल्टेजच नाही, तर दोष वायरीत किंवा फ्यूजमध्ये.

आमच्याकडे शून्य व्होल्ट आले. वायर मागे मागे तपासत गेलो तर बॅटरीखाली ती कुरतडलेली, शेजारी धानाच्या लोंब्यांचं मऊ घरटं. धानाच्या गावात गाडी चार महिने उभी ठेवली तर उंदीर येणारच! वायरचा तुकडा, टेप, अर्धा तास. गाडी खोकली, पांढरा धूर सोडला आणि सुरू झाली. आई आतून धावत बाहेर आली.

वायर ठीक असेल तर पुढचा संशयित म्हणजे हवा. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल ओढून आणलं जातं, त्यामुळे जुन्या रबरी नळीला बारीक चीर गेली तर डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणून खाली थेंब दिसत नाही आणि माणूस फसतो. पंपाआधी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा. त्यात बुडबुडे पळताना दिसले तर नळ्या आणि क्लिपा बदला. फिल्टर बदलल्यावरही हवा काढावीच लागते: हातपंप दाबत राहायचा आणि हवा सोडायचा स्क्रू बुडबुडे थांबेपर्यंत सैल ठेवायचा.

फिल्टरच्या तळाशी पाणी सोडायचा स्क्रू असतो. अर्धी रिकामी टाकी पावसाळाभर ठेवली की आतल्या दमट हवेचं पाणी होतं. ते तळाला बसतं, कारण डिझेल पाण्यापेक्षा हलकं. या पंपाला वेगळं वंगण नसतं, डिझेलच त्याचं वंगण आहे. म्हणून पाणी किंवा रॉकेल मिसळलेलं डिझेल गेलं की तो खरोखरच मरतो, आणि तेव्हा मेकॅनिकचा आकडा खरा ठरतो. गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून ठेवा.

थंडीत सकाळीच त्रास देत असेल तर हीटर प्लग बघा (पुस्तकी नाव ग्लो प्लग). चारही प्लगना जोडणारी पट्टी काढायची, मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक प्लगच्या शेंड्याला, दुसरं इंजिनाला. चांगला प्लग साधारण १ ओहम किंवा कमी दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. काढताना मात्र इंजिन कोमट असू द्या आणि जोर लावू नका. अर्धा तुटून आत राहिला तर हेड उतरवावं लागतं.

धूर वाचायला शिका

काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर फिल्टर झटका नाहीतर बदला, मग नोझल तपासून घ्या. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. पांढरा धूर सकाळी दोन मिनिटं चालेल. गरम झाल्यावरही राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या. ऑइल बदलल्यावर आठ दिवसांत काळं झालं म्हणून घाबरू नका, डिझेलच्या काजळीनं ते होतंच. डिपस्टिकवरची पातळी *वाढली* तर मात्र गाडी चालवू नका, कारण त्यात डिझेल किंवा पाणी उतरतंय.

रेडिएटरबद्दल एकच सांगतो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या घरात जातो आणि लोक विहिरीचं पाणी ओततात. त्यातले क्षार आत चिकटून बारीक नळ्या बुजतात. कूलंट आणि बॅटरीचं पाणी निम्मं-निम्मं वापरा. गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर असतं.

इथे थांबा

तीन कामं मी करत नाही. पहिलं, इंजिन चालू असताना नोझलची नळी सैल करून बोटानं तपासणं. तिथे १०० बारपेक्षा जास्त दाब असतो (कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन). ती धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते पण हात गमवावा लागू शकतो. दुसरं, पंप खोलणं. तिसरं, टायमिंग बेल्ट.

हा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन संपतं. तो आधी सांगत नाही, आवाजही करत नाही. किलोमीटर कमी झाले असले तरी रबर वयानं कडक होतं. आमचा शेवटचा कधी बदलला ते बाबांनाही आठवेना, म्हणून साकोलीत नेऊन आधी तोच बदलून घेतला. घाईचं कारण होतं पीयूसी. डिझेलच्या चाचणीत गाडी उभी ठेवून अ‍ॅक्सिलरेटर पुन्हा पुन्हा तळापर्यंत दाबतात. जुन्या बेल्टवर इतका ताण देणं म्हणजे जुगारच. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाड्यांना धुराची मर्यादा प्रतिमीटर २.४५ आहे, बीएस-४ ला १.६२. नवा एअर फिल्टर, साफ केलेले नोझल आणि गरम इंजिन एवढ्यावर आमची १.८ वर पास झाली.

कागदपत्रं

खासगी कारची पहिली नोंदणी १५ वर्षांची, नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण. अर्ज नमुना २५, मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत. २० वर्षांवरच्या कारचं शुल्क केंद्रानं ऑगस्ट २०२५ मध्ये ५ हजारांवरून १० हजार केलंय, पर्यावरण कर वेगळा. डिझेल गाडी १० वर्षांनी बंद, हा दिल्ली परिसराचा नियम राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशातून आला. महाराष्ट्राला तो लागू नाही, त्यामुळे त्या भीतीनं गाडी मातीमोल विकू नका.

पासिंगला बाबा सोबत आले. येताना मी चाबी त्यांच्याकडे दिली तर म्हणाले, "तूच चालव, मी आवाज आयकतो." आता दर रविवारी ती लाखांदूरपर्यंत जाऊन येते आणि बॅटरीखाली मी डांबराच्या गोळ्या ठेवतो. उंदरांवर त्यांचा कितपत उपयोग होतो ते अजून कळायचंय, म्हणून दर आठवड्याला बोनेट उघडून हातानं चाचपतोच.