भंडारा जिल्ह्यातील घरगुती नळव्यवस्था

भंडारा जिल्ह्यातील घरगुती नळव्यवस्था म्हणजे सार्वजनिक जलवाहिनी, विहीर किंवा विंधन विहीर यांपासून घरात पाणी आणणारी आणि वापरलेले पाणी घराबाहेर नेणारी पाइप, तोट्या, झडपा, टाक्या व मोऱ्या यांची रचना होय. गळती, तुंबणे, गंजणे आणि क्षार साचणे हे या रचनेतील नेहमीचे दोष आहेत. ते सर्वत्र आढळत असले, तरी जेथे दिवसातून ठरावीक वेळीच पाणी सोडले जाते तेथे गळतीला वेगळे महत्त्व प्राप्त होते. पाइपमध्ये दाब असताना छिद्रातून पाणी बाहेर जाते. दाब ओसरला, की त्याच छिद्रातून भोवतालचे दूषित पाणी आत शिरू शकते. म्हणून गळती ही पाण्याच्या अपव्ययाइतकीच आरोग्याची समस्या मानली जाते.

पार्श्वभूमी

भंडारा जिल्हा विदर्भात वैनगंगा नदीच्या खोऱ्यात वसलेला आहे. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी व लाखांदूर हे सात तालुके या जिल्ह्यात राहिले. धानाची शेती आणि माजी मालगुजारी तलाव (मामा तलाव) यांमुळे हा प्रदेश ‘तलावांचा जिल्हा’ म्हणून ओळखला जातो. भंडारा व पवनी ही शहरे वैनगंगेच्या काठी आहेत. पवनी तालुक्यात याच नदीवर गोसीखुर्द धरण बांधलेले असून, नागपूर शहराचे सांडपाणी वाहून नेणारी नाग नदी कन्हानमार्गे वैनगंगेच्या प्रवाहात मिसळते.

ग्रामीण भागात विहिरी, हातपंप व विंधन विहिरी हे पाण्याचे परंपरागत स्रोत होत. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने प्रत्येक ग्रामीण घराला नळाद्वारे दरडोई दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. सार्वजनिक विहीर किंवा हातपंप यांची देखभाल संपूर्ण गावाकडे असे. नळ घरात आल्यावर तोटी, टाकी व मोरी यांच्या देखभालीचा भार प्रत्येक कुटुंबावर आला.

रचना

मुख्य जलवाहिनीवर फेरूल बसवून तेथून घरापर्यंत जोडणी आणली जाते. घराच्या सीमेजवळ बंद करण्याचा कॉक आणि मीटर असल्यास मीटर बसवितात. तेथून पाणी जमिनीखालील टाकीत किंवा थेट तोटीपर्यंत येते. गच्चीवरील टाकीत ते पंपाने चढविले जाते व तेथून गुरुत्वाकर्षणाने खाली येते. दर १० मीटर उंचीमागे सुमारे १ बार दाब मिळतो. त्यामुळे एकमजली घरातील टाकीचा दाब मुळातच कमी असतो.

जुन्या घरांत जस्तलेपित लोखंडी (जीआय) पाइप आढळतात. नव्या बांधकामांत थंड पाण्यासाठी यूपीव्हीसी व गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी पाइप वापरले जातात. सांडपाण्याच्या बाजूस न्हाणीघराच्या जमिनीतील ‘नहाणी ट्रॅप’, भांडी घासण्याच्या मोरीखालील वाकडी नळी, चेंबर आणि शेवटी गटार, शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक अशी साखळी असते. ट्रॅपमध्ये साचून राहणारे थोडे पाणी गटारातील वायू, कीटक व जंतू यांना घरात येण्यापासून अडविते. या तत्त्वावरील वाकड्या नळीचे एकस्व अलेक्झांडर कमिंग याने १७७५ मध्ये इंग्लंडमध्ये घेतले होते.

सामान्य दोष व त्यांची लक्षणे

गळती

ठिबकणाऱ्या तोटीत बहुधा आतील वॉशर झिजलेला असतो. २० थेंबांचे १ मिलीलीटर धरल्यास दर सेकंदाला एक थेंब या गतीने दिवसाला सुमारे ४.३ लिटर, तर वर्षाला सुमारे १,५७० लिटर पाणी वाया जाते. दृष्टीआड असलेल्या गळतीची खूण म्हणजे भिंतीवरील ओल, रंगाचे पोपडे, फरशीखालून येणारा कुबट वास किंवा अंगणातील सतत हिरवा राहणारा पट्टा होय. जिल्ह्यात ‘कन्हार’ या नावाने ओळखली जाणारी काळी चिकण जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत उथळ पुरलेल्या पाइपच्या सांध्यांवर ताण येतो.

दूषित पाण्याचा शिरकाव

पाणी सुटल्यानंतरची पहिली काही मिनिटे ते गढूळ, दुर्गंधीयुक्त किंवा फेसाळ येणे हे शिरकावाचे प्रमुख लक्षण आहे. नळजोडणी उघड्या गटारातून किंवा त्याच्या शेजारून गेलेली असल्यास धोका वाढतो. जलवाहिनीला थेट ‘टिल्लू पंप’ लावल्याने वाहिनीतील दाब वातावरणाच्या दाबापेक्षाही कमी होऊ शकतो. मग गटाराचे पाणी सांध्यांतून आत ओढले जाते. पंप एका घरी असला, तरी दूषित पाणी त्याच वाहिनीवरील शेजारच्या घरांतही पोहोचते. कावीळ, अतिसार, विषमज्वर व पटकी हे रोग अशा पाण्याद्वारे पसरतात.

बादलीत बुडवून ठेवलेली रबरी नळीसुद्धा दाब ओसरल्यावर बादलीतील पाणी पाइपमध्ये परत खेचू शकते. अमेरिकेतील शिकागो शहरात १९३३ साली जागतिक प्रदर्शनाच्या काळात पसरलेल्या अमीबाजन्य आमांशाच्या साथीचे मूळ दोन हॉटेलांतील सदोष नळजोडण्यांत आढळले होते.

दाब कमी होणे

सर्व तोट्यांना कमी पाणी येत असल्यास मुख्य कॉक अर्धवट बंद असणे, मीटरपूर्वीची जाळी तुंबणे किंवा जुना लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद होणे ही कारणे संभवतात. दोष एकाच तोटीपुरता असल्यास तिच्या मुखाची जाळी गाळ वा क्षारांनी भरलेली असते. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरल्यानंतर तोटी फुसफुसत असेल, तर पाइपमध्ये हवा अडकलेली असते. सर्वांत खालची तोटी काही वेळ उघडी ठेवल्यास ती हवा सहसा निघून जाते.

क्षार साचणे

कठीण म्हणजेच दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार तोटीवर, शॉवरच्या छिद्रांत आणि विशेषतः गीझरमध्ये पांढऱ्या थराच्या रूपाने बसतात. पाणी तापण्यास पूर्वीपेक्षा अधिक वेळ लागणे व गीझरमधून कडकड आवाज येणे ही त्याची चिन्हे होत. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार एकूण कठीणपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य, तर पर्यायी स्रोत नसल्यास ६०० मिलिग्रॅमपर्यंत अनुज्ञेय आहे.

जिल्ह्याच्या काही भागांतील भूजलात फ्लोराइडचेही प्रमाण अधिक आढळते. त्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम व पर्यायी स्रोत नसताना १.५ मिलिग्रॅम आहे. फ्लोराइडला रंग, वास किंवा वेगळी चव नसते, तोटीवर त्याची खूण उमटत नाही आणि पाणी उकळल्याने ते नाहीसे होत नाही. म्हणून विंधन विहिरीच्या पाण्याची प्रयोगशाळेत तपासणी करणे हाच त्याचा शोध घेण्याचा मार्ग आहे.

तुंबणे व दुर्गंधी

भात हे येथील मुख्य अन्न असल्याने मोरीत पेज व शिते जातात. ती तेलकटपणाबरोबर नळीच्या आतील बाजूस चिकटतात. पितळी भांडी राखेने घासण्याची पद्धत असलेल्या घरांत राख व वाळू ट्रॅपच्या तळाशी बसते. पाणी हळूहळू उतरणे आणि दुसऱ्या मोरीतून गुडगुड आवाज येणे ही तुंबण्याची प्रारंभिक लक्षणे आहेत. घरातील सर्व मोऱ्या एकाच वेळी तुंबल्यास दोष बाहेरच्या चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये असण्याचा संभव अधिक असतो.

मोरी न तुंबताही दुर्गंधी येत असल्यास ट्रॅपमधील पाणी आटलेले असू शकते. क्वचित वापरल्या जाणाऱ्या न्हाणीघरात, विशेषतः वैशाखातील उन्हाळ्यात, असे घडते. हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीत मार्च २००३ मध्ये सार्स रोगाची ३०० हून अधिक रहिवाशांना लागण झाली; तेथील कोरडे पडलेले जमिनीतील ट्रॅप हे प्रसाराचे एक महत्त्वाचे कारण ठरविण्यात आले. आठवड्यातून एकदा अशा ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतणे एवढाच त्यावरील उपाय आहे.

घरच्या घरी तपासणी

दडलेली गळती शोधण्यासाठी विशेष उपकरण लागत नाही. रात्री सर्व तोट्या बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी व सकाळी वापर सुरू होण्यापूर्वी ती पाहावी. १ मीटर व्यासाच्या उभ्या गोल टाकीत पातळी १ सेंटिमीटर उतरल्यास सुमारे ८ लिटर पाणी गेलेले असते. मीटर असलेल्या घरात पाणीपुरवठा चालू असताना सर्व तोट्या व टाकीत पाणी येण्याचा मार्ग बंद करून मीटरचा काटा पाहावा. तो फिरत राहिल्यास मीटरनंतर कोठेतरी गळती आहे. शौचालयाच्या फ्लश टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास ती वापरू नये. भांड्यात रंग उतरल्यास आतील झडप गळते असे समजावे.

पाण्यातील क्लोरीन तपासण्यासाठी गावपातळीवर ‘ओटी’ चाचणी केली जाते. पाण्यात ऑर्थोटॉलिडिनचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे असा त्याचा अर्थ होतो. निर्जंतुक केलेल्या पाण्यात ग्राहकाच्या तोटीशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असणे अपेक्षित आहे. टाकीजवळ क्लोरीन आढळते, पण घरातील तोटीशी आढळत नाही, अशी स्थिती असल्यास मधल्या वाहिनीतील दूषितीकरणाची शंका घ्यावी.

प्रतिबंध

नळजोडणी गटारापासून दूर व शक्यतो त्याच्या पातळीच्या वर ठेवणे हा सर्वांत महत्त्वाचा प्रतिबंधक उपाय आहे. गटार ओलांडणे अपरिहार्य असल्यास त्या टप्प्यात पाइपला सांधा नसावा व तो मोठ्या संरक्षक पाइपमधून न्यावा. पंप जलवाहिनीला न जोडता घरातील साठवण टाकीवर बसवावा. तोटीचे मुख आणि भांड्याची किंवा टाकीची कड यांत तोटीच्या व्यासाच्या किमान दुप्पट अंतर राखल्यास पाणी परत खेचले जात नाही. पाणी सुटल्यावर सुरुवातीचे पाणी पिण्यासाठी न भरता धुण्यासाठी वापरावे. चोवीस तास दाबयुक्त पुरवठा असल्यास शिरकावाची शक्यता बरीच घटते. शेजारच्या नागपूर शहरात २०१२ पासून तसा प्रकल्प राबविण्यात येऊ लागला.

साठवण टाकीला घट्ट झाकण, फ्लोट बॉल आणि जाळी बसविलेला ओसंड नळ असावा. डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारणतः ७ ते १० दिवस लागत असल्याने रांजण, पिंप व उघडी भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून कोरडी केली जातात. यालाच ‘कोरडा दिवस’ म्हणतात. ब्लीचिंग पावडर (गावोगावी ‘टीसीएल’ या नावाने परिचित) वापरताना सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेली २.५ ग्रॅम पावडर १,००० लिटर स्वच्छ पाण्यास पुरते व त्यानंतर अर्धा तास थांबावे लागते. उघडी राहिलेली पावडर निष्प्रभ होते.

ऋतुमानानुसार देखभाल

उन्हाळ्यात जिल्ह्यातील तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. यूपीव्हीसी पाइप तितक्याच तापमानापर्यंतच्या पाण्यासाठी बनविलेले असतात व सततच्या उन्हाने ठिसूळ होतात. म्हणून गच्चीवरील उघडे पाइप रंगवावेत किंवा झाकावेत. पावसाळ्यापूर्वी टाकी धुणे, चेंबर उपसणे आणि गच्चीचे पाणी सांडपाण्याच्या पाइपमध्ये जात नसल्याची खात्री करणे आवश्यक असते.

ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला आलेल्या पुरात भंडारा शहरासह नदीकाठच्या अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या होत्या. अशा पुरानंतर जमिनीखालील टाकी व विहीर उपसून, घासून निर्जंतुक करावी लागते. पाणी निर्मळ दिसले, तरी तपासणी होईपर्यंत ते उकळून प्यावे.

जबाबदारी व सुरक्षितता

मुख्य जलवाहिनीची दुरुस्ती शहरात नगर परिषदेच्या पाणीपुरवठा विभागाकडे आणि गावात ग्रामपंचायतीकडे असते. फेरूलपासून घरापर्यंतची जोडणी सांभाळणे ही सामान्यतः ग्राहकाची जबाबदारी असते. वॉशर बदलणे, तोटीची जाळी धुणे, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळणे व मोरीचा ट्रॅप साफ करणे ही कामे घरी करता येतात. त्यांपूर्वी मुख्य कॉक बंद करावा. गीझर किंवा पंपाजवळ काम असल्यास वीजपुरवठाही खंडित करावा. गीझरची सुरक्षा झडप ठिबकते म्हणून ती कधीही बंद करू नये, कारण अतिरिक्त दाब तिच्यातूनच बाहेर पडतो.

सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड व मिथेन हे वायू साचतात, तसेच प्राणवायूची कमतरता असते. त्यात उतरलेली व्यक्ती काही क्षणांतच बेशुद्ध होऊ शकते आणि तिला वाचविण्यासाठी उतरणाऱ्यांचाही बळी जातो. संरक्षक साधनांशिवाय कोणासही सेप्टिक टँक किंवा गटारात उतरविण्यास २०१३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई केलेली आहे. टँक यंत्राद्वारेच उपसला जाणे अपेक्षित आहे. शोषखड्डा व सेप्टिक टँक पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून किमान १५ मीटर अंतरावर असावेत.