शाळेचे छप्पर आणि सरकारी खजिना

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा इतिहास सांगताना कायद्यांच्या तारखा पुढे येतात. मुले बसवायची कोठे, हा प्रश्न मागे राहतो. वास्तविक सक्ती म्हणजे राज्यकर्त्याने स्वतःच्या शिरावर घेतलेले कर्जच होय. पालकास दंड करावयाचा, तर त्याच्या मुलासाठी जागा, फळा आणि गुरुजी आधी सिद्ध असावे लागतात.

हे कर्ज पत्करण्याचे धैर्य बडोदे संस्थानाने दाखविले. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा प्रयोग काठेवाडातील अमरेली तालुक्यात सुरू केला. सर्व संस्थानभर एकदम पाऊल न टाकता एका कोपऱ्यात अनुभव घेण्याची ही सावध रीत होती. तेरा वर्षांनी, १९०६ मध्ये, मुलांसाठी सात ते बारा व मुलींसाठी सात ते दहा या वयोमर्यादेत ही सक्ती संस्थानभर लागू झाली.

ब्रिटिश मुलखात मात्र पैशाचे कारण पुढे केले जाई. नामदार गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्या हाताशी होते. सक्तीचा निर्णय स्थानिक संस्थांनी घ्यावा व खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, इतकीच त्यांची माफक मागणी; तरीही मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. जे एका संस्थानाला परवडले, ते साम्राज्याला परवडू नये, याचा अर्थ उघड आहे.

बडोद्यातही सर्व काही पैशाने सुटले नाही. अंत्यज मुलांसाठी सरकारी खर्चाने स्वतंत्र शाळा निघाल्या; पण तेथे शिकविण्यास सवर्ण शिक्षक तयार होत नसत. अखेर १९०८ मध्ये आर्यसमाजी पंडित आत्माराम यांना पाचारण करून या शाळांची व वसतिगृहांची जबाबदारी त्यांच्यावर सोपवावी लागली. छप्पर घालणे खजिन्याच्या हाती होते. सर्वांना एका छपराखाली बसविणे त्याहून अवघड ठरले.

शिकलेले मूल पुढे वाचणार काय, ही त्यापुढची चिंता. १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून संस्थानाने वाचनालयांची योजना आखली. गावाने जमविलेल्या रकमेइतकीच रक्कम प्रांत पंचायतीने व तितकीच संस्थानाने द्यावयाची, अशी तिची तिहेरी व्यवस्था होती. गावाची वर्गणी पडल्यामुळे वाचनालय गावाला आपले वाटे, हा या योजनेचा मोठाच गुण.

१९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९८७ च्या 'खडू-फळा' मोहिमेत केंद्र सरकारने प्रत्येक प्राथमिक शाळेस निदान दोन खोल्या व दोन शिक्षक देण्याचे ठरविले, आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने दर शिक्षकामागे एक वर्गखोली, पिण्याचे पाणी व मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे बंधनकारक केली. त्याच परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, असेही नमूद आहे.