धुऱ्याची रेघ नकाशावर दोनदा का उमटते?

आर्वी : महाभूनकाशावर गट नंबर टाकून आपलं शेत पाहणं आता नवं राहिलं नाही. क्यूजीआयएस हे फुकटचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून गावाचा नकाशा स्वतः रंगवता येतो. पण त्यात एक घोळ हमखास होतो. धुऱ्यासाठी तुटक रेघ निवडली, तर गावाच्या काठावर ती तुटकच दिसते. दोन शेतांच्या मधात मात्र जवळपास अखंड होऊन जाते. अर्धपारदर्शक रंग दिला तर मधातल्या रेघा गडद होतात.

याचं कारण साधं आहे. कॉम्प्युटर प्रत्येक शेत एक बंद आकृती म्हणून साठवतो, तिला पॉलिगॉन म्हणतात. जमिनीवर धुरा एकच. फाइलमध्ये मात्र तो दोनदा असतो, एकदा तुमच्या शेताचा काठ म्हणून आन् एकदा शेजाऱ्याच्या. दोन्ही रेघांची सुरुवात वेगळ्या कोपऱ्यातून होते, म्हणून एकीची रिकामी जागा दुसरी भरून काढते. दोन शेतांना दोन रंग दिले तर जी रेघ नंतर काढली जाते ती पहिलीला झाकते.

उपाय दोन. दोन्ही बाजूंचे रंग दिसायला हवे असतील, तर 'आउटलाइन : सिंपल लाइन' निवडून 'ड्रॉ लाइन ओन्ली इनसाइड पॉलिगॉन' वर टिक करा. मग प्रत्येकाची रेघ आपापल्या शेतातच राहते. धुरा एकाच रेघेत हवा असेल तर 'पॉलिगॉन्स टू लाइन्स' चालवा आणि निघालेल्या रेघांवर 'डिझॉल्व' करा. एकावर एक बसलेल्या रेघा एक होतात. शेताच्या आकृतीला मग फक्त आतला रंग ठेवायचा, काठ नाही.

डिझॉल्व करूनही दोन रेघा राहिल्या तर समजा की आकृत्याच एकमेकींना चिकटलेल्या नाहीत. मधात फट आहे, नाहीतर एक दुसरीवर चढली आहे. 'टोपोलॉजी चेकर' अशा जागा दाखवतो. ही फट म्हणजे कोणाची सोडलेली जमीन नव्हे राजेहो, ती काढणाऱ्याच्या हाताची चूक आहे.

तालुक्याच्या नकाशातही हेच होतं. आर्वी आणि तिवसा या दोन तालुक्यांच्या मधात वर्धा नदी आहे, तीच वर्धा-अमरावती जिल्ह्यांची हद्द. तिथं दोन तालुक्यांचे काठ आणि नदी अशा तीन रेघा एकाच जागी येतात. तालुके जिल्ह्यानुसार डिझॉल्व करून ती हद्द वेगळ्या थरात काढावी, नदी तिच्याखाली ठेवावी.

आता भांडणाची गोष्ट, रेघेची जाडी. १:५००० च्या नकाशावर १ मिलिमीटर जाड रेघ जमिनीवर ५ मीटर झाकते. धुरा २०० मीटर लांब असेल तर रेघेखाली १००० चौरस मीटर, म्हणजे १० आर गेले. जवळपास पाव एकर! मोबाइलवर नकाशा कितीही मोठा केला तरी त्या रेघेवरून 'दोन तास इकडं सरक' म्हणता येत नाही. त्यासाठी उप अधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणीच करावी लागते. मोजणीनंतर मिळणाऱ्या 'क' प्रतीवर तुटक रेघ आन् अखंड रेघ यांचे अर्थ वेगळे असतात. वाद घालण्याआधी तिच्यावरची टीप वाचा.